पाठीमागे उभा राहणारा खेळाडू

मंडळी, फुटबॉलचा सामना पाहताना आपली नजर कुठे असते? अर्थात चेंडूवर. चेंडू जाळ्यात गेला की आपण टाळ्या वाजवतो आणि ज्याने तो मारला त्याचे नाव शेजाऱ्याला विचारतो. पण ज्याने समोरच्या संघाचे तीन-चार गोल होऊच दिले नाहीत, त्याचे नाव कोण विचारतो? आमच्या कासारवाडीच्या आसपास कारखाने पुष्कळ. तिथे हेच पाहावे. यंत्र बिनबोभाट चालू आहे तोवर देखभाल करणाऱ्या फिटरची आठवण कुणाला होत नाही. ते बंद पडले, की पहिली हाक मात्र त्याला.

फुटबॉलमधल्या अशा फिटरला बचावपटू म्हणतात. आज त्याच्या कामाविषयी सांगायचे आहे, आणि त्यासाठी एका स्पॅनिश बचावपटूची हकिगत घेतली आहे. माणूस स्पेनचा खरा. पण त्याच्या हकिगतीला मुंबईत वळण लागते, आणि तिचा एक धागा आपल्या बालेवाडीवरूनही जातो.

आधी काम समजून घेऊ. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. एकट्या गोलरक्षकाला एवढी जागा राखणे अवघड, म्हणून त्याच्या पुढे बहुधा चौघे बचावपटू एका ओळीत राहतात. तुम्ही हुतूतू खेळला असाल तर ही ओळ तुम्हांला लगेच कळेल. चढाई करणारा आत आला की आपण हाताला हात धरून साखळी करतो. एकाने घाई करून उडी घेतली, की साखळी तुटते आणि गडी निसटतो. इथे हात धरलेले नसतात एवढेच. पण एकाने पाऊल पुढे टाकले की चौघांनी टाकायचे, एक मागे सरला की चौघांनी सरायचे.

या ओळीला ऑफसाइडच्या नियमाचे बळ असते. नियम साधा आहे. साथीदार चेंडू पुढे देतो त्या क्षणी, समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात गेलेला खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पलीकडे असला, आणि त्याने खेळात भाग घेतला, तर पंच खेळ थांबवतात. शेवटचा सहसा गोलरक्षक असतो. त्याच्या आधीचा म्हणजे आपला बचावपटू. १९२५ पूर्वी अशा तिघांची अट होती, त्या वर्षी ती दोघांवर आली. तेव्हापासून बचावपटूचे काम जोखमीचे झाले. ओळ नीट राखली तर चढाई आपोआप फसते. एकजण हातभर मागे राहिला तर सगळे रान मोकळे.

आता आपला स्पॅनिश गडी. त्याचे पूर्ण नाव होसे लुईस एस्पिनोसा आरोयो. पण मैदानावर सगळे त्याला तिरी म्हणतात. जन्म १४ जुलै १९९१ चा, स्पेनच्या दक्षिणेकडे कादिस जिल्ह्यातल्या लोस बारिओस या गावी. माद्रिदच्या अॅटलेटिको या नामांकित क्लबात तो तयार झाला आणि त्यांच्या दुसऱ्या संघातून खेळला. पहिल्या संघाचे दार मोठे अरुंद असते. दुसऱ्या संघातल्या बहुतेकांना पुढे दुसरीकडे पोट भरावे लागते. त्या वेळी कोलकात्याच्या एका नव्या क्लबात अॅटलेटिकोची भागीदारी होती. त्या वाटेने २०१५ साली, चोविसाव्या वर्षी, तिरी भारतात आला. तिथले प्रशिक्षक होते अंतोनिओ लोपेस हबास, तेही स्पेनचेच. हे नाव लक्षात ठेवा.

धंदेवाईक खेळाडूची नोकरी कराराची असते. करार संपला की बिऱ्हाड हलवायचे. २०१६ मध्ये कोलकात्याचा संघ इंडियन सुपर लीगचा विजेता ठरला, तेव्हा तिरी त्या संघात होता. २०१७ साली तो टाटांच्या नव्या जमशेदपूर संघात गेला, आणि तीन हंगामांनंतर, २०२० मध्ये, पुन्हा कोलकात्याला, मोहन बागानच्या संघात आला. प्रशिक्षक पुन्हा हबास.

आणि मग तो दिवस उजाडला. १३ मार्च २०२१. गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना; साथीमुळे प्रेक्षक नाहीत. एका बाजूला मोहन बागान, दुसऱ्या बाजूला मुंबई सिटी. मोहन बागानने अठराव्या मिनिटाला पहिला गोल केला. पुढे एकोणतिसाव्या मिनिटाला मुंबईने लांबून चेंडू टाकला. तिरी मागे धावत गेला, त्याने डोक्याने चेंडू अडवला, आणि तो चेंडू स्वतःच्याच गोलरक्षकाच्या डोक्यावरून आपल्याच जाळ्यात गेला! शेवटी नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने मुंबईचा दुसरा गोल केला आणि चषक मुंबईला गेला.

असा स्वयंगोल होतो कसा? लोक म्हणतात, ध्यान नव्हते. तसे नसते. चढाई करणाऱ्याचे तोंड समोरच्या गोलाकडे असते. त्याचा फटका चुकला तर चेंडू बाहेर जातो, फार तर लोक हळहळतात. मागे धावणाऱ्या बचावपटूचे तोंड मात्र आपल्याच गोलाकडे असते. त्याचा स्पर्श वीतभर चुकला, की चेंडू जायला एकच वाट उरते. बरे, चेंडू सोडून द्यावा तर मागून येणारा गडी टपलेलाच. म्हणजे चूक होण्याची भीती आहे म्हणून त्याला स्वस्थ बसता येत नाही. जो चेंडूपर्यंत पोचतो, त्याच्याच हातून स्वयंगोल होतो.

पुढच्या वर्षी दैवाने आणखी एक तडाखा दिला. १८ मे २०२२ रोजी आशियाई स्पर्धेच्या एका सामन्यात तिरीचा गुडघा जबर दुखावला. पुढचा हंगाम तो मैदानाबाहेरच होता. आणि नेमका त्याच हंगामात, मार्च २०२३ मध्ये, मोहन बागानने चषक जिंकला. त्यानंतर तिरी कोलकाता सोडून आला तो थेट मुंबई सिटीत. ज्या संघाला त्याच्या डोक्यावरून गोल मिळाला होता, त्याच संघात.

इथे बालेवाडीचा धागा जुळतो. आमच्या नाशिक फाट्यापासून बालेवाडीचे क्रीडासंकुल फार लांब नाही. २०१४ ते २०१९ या काळात पुण्याचा एफसी पुणे सिटी हा संघ तिथे खेळत असे. २०१६ साली या संघाचे प्रशिक्षक होते हेच हबास, आणि बचावफळीत होता मुंबईचा मराठी तरुण राहुल भेके. हा राहुलही तिरीसारखाच गावोगावी करार करत फिरला. २०१९ मध्ये मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात, जादा वेळेतल्या ११७ व्या मिनिटाला, डोक्याने गोल करून त्याने बेंगळुरूला चषक मिळवून दिला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे मुंबई सिटीने इराकच्या वायुदलाच्या क्लबाला २-१ हरवले. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. आणि निर्णायक गोल राहुल भेकेचा.

४ मे २०२४. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर पुन्हा मोहन बागान आणि मुंबई अंतिम सामन्यात समोरासमोर. साठ हजारांहून अधिक प्रेक्षक, बहुतेक सगळे मोहन बागानचे. त्यांचे प्रशिक्षक हबास. मुंबईचा कर्णधार राहुल भेके, आणि त्याच्याच बचावफळीत तिरी. मध्यंतराच्या थोडे आधी मोहन बागानने गोल केला. मुंबईची ओळ मोडली नाही. उत्तरार्धात मुंबईने तीन गोल केले आणि सामना ३-१ असा जिंकला. गोल करणाऱ्यांत तिरीचे नाव नाही, राहुलचेही नाही. ते दोघे आपल्या जागेवर होते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. शाळेत संघ निवडताना आपण काय करतो? चपळ पोरे पुढे घेतो, आणि जो जड आहे, ज्याला धावता येत नाही, त्याला म्हणतो, 'तू जा मागे, उभा राहा.' ही रीत सोडायला हवी. मागे शहाणा मुलगा हवा. ज्याला चौघांची पावले मोजता येतात, आणि जो साथीदाराला वेळेवर हाक देतो, असा.

आणि कधी एखाद्या मुलाच्या हातून स्वयंगोल झालाच, तर सगळ्या वर्गादेखत त्याची थट्टा होऊ देऊ नका. तो चेंडूपर्यंत धावत गेला होता, हे आधी सांगा. कुठे उभे राहायला हवे होते, ते मग शांतपणे दाखवा. आणि पुढच्या शनिवारी संघाची नावे वाचाल, तेव्हा त्याचे नाव त्याच जागी वाचा.