चेंडू टाकून झाल्यावर

नकलबॉल या रविवारी भेटणार होता, पण त्याला आठवडाभर थांबावं लागेल. बेसबॉलमधला पिचर ग्रेग मॅडक्स याच्यावरचा लेख वाचून एका वाचकाने विचारलंय, ‘चेंडू टाकणाऱ्याला उत्तम क्षेत्ररक्षणाचे १८ गोल्ड ग्लव्ह? तो क्षेत्ररक्षण करतो कधी?’ हा माझा आवडता आडरस्ता, त्यामुळे मोह आवरला नाही.

करतो, आणि सगळ्यांत अवघड जागी उभा राहून करतो. होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवरून अंग झोकून चेंडू टाकायचा, आणि तोल सावरायच्या आत तो बॅटवरून अंगावर येतो. तो अडवून फर्स्ट बेसकडे फेकला आणि धावणारा बाद झाला, की पिचरच्या खात्यात ‘असिस्ट’. कधी फर्स्ट बेसमनच चेंडूमागे जातो. मग ती रिकामी बेस गाठायला पिचरने धावायचं, धावता धावता चेंडू झेलायचा आणि बेसवर पाय टेकवायचा. हा ‘पुटआउट’.

मॅडक्सचा कारकिर्दीचा हिशेब असा: ५४६ पुटआउट, १,१९४ असिस्ट, ५३ एरर. पुटआउटचा हा आकडा पिचरांमध्ये सर्वकालीन विक्रम आहे. त्याच्याच पिढीतला केविन ब्राउन ३८८वर थांबला. असिस्टमध्ये साय यंग २,०००च्या पुढे आहे, पण ते दिवस बंटचे आणि मऊ पडलेल्या चेंडूचे. पिचरच्या पुढ्यात चेंडू तेव्हा सतत घरंगळत यायचे.

एरर धरून फील्डिंगची टक्केवारी काढली तर मॅडक्सची ९७ येते. या टक्केवारीवर माझा फारसा भरवसा नाही. जो चेंडूपर्यंत पोचला आणि चुकला, त्याच्या नावावर एरर. जो पोचलाच नाही, त्याची पाटी कोरी! म्हणून आकडेतज्ज्ञ बिल जेम्सने १९७०च्या दशकात रेंज फॅक्टर आणला. पुटआउट आणि असिस्टची बेरीज करायची आणि ९ इनिंगमागे किती पडतात ते पाहायचं. मॅडक्सचे ५,००८ इनिंगमध्ये १,७४०, म्हणजे ३.१. त्याच्याआधी १६ ग्लव्हचा विक्रम ज्याच्या नावावर होता त्या जिम काटचे ४,५३० इनिंगमध्ये १,००६, म्हणजे २.०. पूर्ण सामन्यामागे एका बादचा फरक. पिचरसारख्या जागी हा फरक प्रचंड आहे.

पण काटवर अन्याय नको. मॅडक्सचा चेंडू शेवटी खाली वळायचा, त्यामुळे बॅटर तो जमिनीलगत मारत. पिचरला कामच जास्त मिळे. शिवाय मॅडक्स उजखुरा. उजखुऱ्या पिचरचं अंग चेंडू टाकल्यावर फर्स्ट बेसच्या बाजूला झुकतं. काट डावखुरा, तो थर्ड बेसकडे झुकणार. फर्स्ट बेसकडे धावायचं तर त्याला आधी उलटं वळायला हवं. हे सगळं वजा केलं तरी मॅडक्स वरचढच राहतो, कारण चेंडू सोडल्यावर तो दोन्ही पायांवर समतोल, बॅटरकडे तोंड करून उभा असे.

ग्लव्ह मात्र आकडे बघून दिले जात नसत. मॅनेजर आणि कोच मतं देत, आणि एकदा झालेलं नाव बराच काळ टिके. १९६९मध्ये काटने ४६ संधींत ८ एरर केले, टक्केवारी ८२.६वर आली, तरी ग्लव्ह त्यालाच! बेस चोरणाऱ्यांना रोखण्यात मॅडक्सही कच्चाच. कारकिर्दीत त्याच्या चेंडूंवर पाचशेहून जास्त बेस चोरल्या गेल्या. हे ना टक्केवारीत दिसतं, ना रेंज फॅक्टरमध्ये.

या गोष्टीत खरा तोटा झाला तो टॉम ग्लॅव्हिनचा. अटलांटात मॅडक्सच्या बरोबरीने दहा हंगाम खेळलेला हा डावखुरा क्षेत्ररक्षणातही चोख होता, विजय ३०५, पण ग्लव्ह एकही नाही. नॅशनल लीगमध्ये पिचरला वर्षाला एकच ग्लव्ह मिळतो आणि १९९० ते २००२ तो सलग मॅडक्सकडेच गेला.

नकलबॉलवाल्या फिल नीक्रोकडेही पाच ग्लव्ह आहेत. पुढच्या रविवारी त्याच्यापासूनच सुरुवात करू.