इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरचे आंतरपीक घ्यावे काय?



१९८३ साली कोपरगावला संजीवनीचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. पुढे येवल्याजवळ बाभूळगावलाही कॉलेज झाले. आता आपल्या भागात घरोघरी इंजिनिअर दिसू लागले आहेत. त्यामुळे गट कार्यालयात तोडीच्या चौकशीबरोबर हाही प्रश्न येतो : "पोरगा मेकॅनिकलला आहे. कॉम्प्युटरचा मायनर घेऊ का म्हणतो. काय सांगावं?" त्याचा हा खुलासा.

मायनर म्हणजे आपल्या शाखेबरोबर दुसऱ्या शाखेचे मोजके विषय. पदवी मेकॅनिकलचीच राहते, मायनरची फक्त नोंद होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीला १६० क्रेडिट व मायनरला वरचे सुमारे २० धरले आहेत. आठवड्याला एक तास असे एक सत्र शिकले, की एक क्रेडिट. म्हणजे चार सत्रांत वाटले तरी आठवड्याला पाच तास जादा, आणि घरचा अभ्यास निराळा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आता १४ क्रेडिटचा मायनर पदवीतच धरला आहे. तेव्हा आपल्या मुलाचा मायनर पदवीतला की वरचा, हे आधी विचारा.

फायदा आहे काय? आहे. साखर कारखान्यातच पाहा. वजनकाट्यापासून बॉयलर-टर्बाइनपर्यंतचे आकडे आता पडद्यावर येतात. बिघाड झाला, की नुसता प्रोग्राम जाणणारा बॉयलरपाशी अडतो आणि नुसते यंत्र जाणणारा पडद्यापाशी. दोन्ही जाणणाऱ्याला किंमत आहे. बारामतीच्या ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रहाची चित्रे, हवामान व जमिनीतील ओलावा यांवरून उसाला पाणी-खत ठरविण्याचा प्रयोग चालविला आहे. तिथेही असाच माणूस लागतो.

पण आंतरपिकाचा नियम इथेही लागू. ऊस लहान असताना सरीत हरभरा, कांदा आपण घेतो. उसाचं पाणी तोडून नव्हे. मूळ शाखेचे विषय मागे राहिले असतील तर मायनरच्या मागे लागू नये. ऊसही गेला आणि हरभराही गेला, असे व्हायचे.

दुसरे, नुसत्या शिक्क्यासाठी घेऊ नये. मुलाला किंवा मुलीला एवढेच म्हणा, "तू स्वतः लिहून चालवलेला एक प्रोग्राम दाखव बरं." आपल्याला तो कळला नाही तरी चालेल; दाखवताना पोराचा चेहरा कळतो. पहिल्या वर्षीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये गोडी लागली असेल तर मायनर जरूर घ्यावा. नुसती चव पाहायची असेल तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने फुकट ऐकता येतात. आधी ती ऐकावीत.

अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजला चार गोष्टी विचाराव्यात : जादा फी किती? तासिका केव्हा? विषय राहिला तर मूळ पदवी अडते काय? आणि प्रत्यक्ष कॉम्प्युटरवर काम किती? उत्तरे समाधानकारक असतील आणि मूळ पीक जोमात असेल, तर हे आंतरपीक घ्यावे असे आमचे मत आहे.