बेटांवरील पक्षी आणि उपरे शिकारी

वरकुटे ज्या इंदापूर तालुक्यात आहे, त्या तालुक्याला भीमेवरील उजनी जलाशयाचा मोठा किनारा लाभला आहे. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. अशा जलाशयांत उन्हाळ्यात पाणी ओसरले, की उघड्या पडणाऱ्या उंचवट्यांवर नदी सुरय, टिटवी यांसारखे पक्षी नुसत्या खळग्यात अंडी घालतात. सभोवती पाणी असेपर्यंत ती सुरक्षित असतात. वाट कोरडी होताच कुत्री तेथे पोचतात.

समुद्री बेटांवर हेच संकट जहाजांतून उतरले. तेथील पेट्रेलसारखे पक्षी बिळात घरटे करतात व वर्षाला एकच अंडे घालतात. उंदीर-मांजरांशी त्यांचा पूर्वी कधी संबंधच आला नव्हता. त्यामुळे झालेली हानी भरून निघत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील मांजरांचे २००० पर्यंत निर्मूलन झाले व करडे पेट्रेल पुन्हा घरटी करू लागले. परंतु सशांवर सोडलेल्या रोगाचा प्रभाव ओसरला होता, त्यातच मांजरेही गेली. ससे बेसुमार वाढून गवताळ उतार उजाड झाले. अखेर ससे, उंदीर व घुशी यांचा एकत्रित बंदोबस्त हाती घेण्यात आला. २०१० मध्ये विषारी आमिष आणि त्याने मेलेले प्राणी खाऊन अनेक समुद्रपक्षी दगावले. म्हणून पुढील वर्षी प्रथम सशांमध्ये विषाणू पसरविण्यात आला व त्यानंतरच हेलिकॉप्टरमधून आमिष टाकण्यात आले. उरलेले ससे कुत्र्यांच्या साहाय्याने शोधण्यात आले. २०१४ मध्ये बेट मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

शत्रू गेला म्हणजे पक्षी परततोच, असे मात्र नाही. अमेरिकेतील मेन राज्यातील ईस्टर्न एग रॉक बेटावरून पफिन पक्षी माणसाच्या शिकारीमुळे नाहीसे झाले होते. १९७३ पासून कॅनडातून पिल्ले आणून तेथे वाढविण्यात आली, खडकांवर लाकडी पफिन मांडण्यात आले. तरी पहिले घरटे दिसण्यास १९८१ साल उजाडले.

आपल्याकडे चंबळ नदीकाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणचिरा पक्ष्याच्या विणीच्या काळात स्थानिक ग्रामस्थांनाच घरट्यांचे राखणदार नेमले. त्यात विषाचा प्रश्नच येत नाही. उजनीकाठच्या ग्रामपंचायतींनाही मासळीचा टाकाऊ भाग काठावर पडू न देणे, त्यायोगे कुत्र्यांचा वावर कमी करणे आणि गाळपेर जमिनीवर नांगर फिरविण्यापूर्वी अंड्यांचे खळगे पाहून घेणे एवढे सहज करता येईल.