श्रूजबरी हे नाव कोठून आले?



अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर शहराला लागून श्रूजबरी नावाचे गाव आहे. आम्ही उभयता मुलाकडे येथे राहावयास आलो आहोत. शब्बाथला गाडी काढावयाची नाही, म्हणून सकाळची तफिल्ला घरीच म्हणून आम्ही नातवाला घेऊन पायी फिरावयास जातो. गावाच्या मध्यावर हिरवळीचे मैदान आहे आणि तेथेच उंच शिखराचे पांढरे लाकडी चर्च. नातू एकदा म्हणाला, "आजोबा, गावाच्या मधोमध चर्चच का?" प्रश्न लहान होता, पण उत्तर शोधता शोधता आम्ही थेट इंग्लंडच्या राजवाड्यात जाऊन पोहोचलो, आणि तेथून आपल्या समाजाच्या एका जुन्या दुखण्यापाशी.

गाव १७२७ साली स्थापन झाले. चार्ल्स टॅलबट, ड्यूक ऑफ श्रूजबरी, या इंग्रज उमरावावरून त्याचे नाव ठेवले असे गावचा इतिहास सांगणारे सांगतात. हा गृहस्थ जन्माने कॅथलिक. १६७९ मध्ये त्याने ते सोडून इंग्लंडच्या सरकारी चर्चचा पंथ धरला. त्याचे मोठे काम १६८८ सालचे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आठव्या हेन्री राजाचे पहिले लग्न रद्द करून देण्यास पोपने नकार दिला, ही गोष्ट आपण शाळेत वाचली आहे. १५३४ साली हेन्रीने पार्लमेंटकडून कायदा करवून घेतला की इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख पोप नव्हे, राजा. हे मान्य न करणाऱ्या सर थॉमस मोर या विद्वानाचे डोके दुसऱ्याच वर्षी उडविले. तेव्हापासून तेथे राजा आणि धर्म एकाच खुंटीला बांधले गेले.

आता प्रश्न असा की चर्चचा प्रमुख असलेला राजाच दुसऱ्या पंथाचा निघाला तर? १६८५ साली दुसरा जेम्स गादीवर आला, तो उघडपणे कॅथलिक होता. त्याने फर्मान काढले की सरकारी चर्चबाहेरच्या लोकांवरचे धार्मिक कायदे स्थगित आहेत, ज्याने त्याने आपल्या रीतीने उपासना करावी. ऐकावयास किती चांगले! आणि आपल्या लोकांशी तो वाईट वागला असेही म्हणता येत नाही. लंडनच्या यहूदी व्यापाऱ्यांवर चर्चला न जाण्याबद्दल खटले भरले होते, ते जेम्सनेच १६८५ मध्ये थांबविले.

मग बिघडले कोठे? पार्लमेंटने केलेले कायदे राजाने एकट्याने, स्वतःच्या शब्दावर बाजूला ठेवले, तेथे. आज चांगल्या कायद्यासाठी ठेवील, उद्या वाईटासाठी. १६८८ च्या मे महिन्यात त्याने हुकूम दिला की हे फर्मान प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवावे. आर्चबिशप सँक्रॉफ्ट आणि सहा बिशप यांनी नम्रपणे अर्ज केला की हे आम्हांस जमणार नाही, कारण राजाला असा अधिकारच नाही. राजाने सातही जणांना लंडनच्या टॉवरमध्ये टाकून राजद्रोही लिखाणाचा खटला भरला. ३० जून १६८८ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

त्याच ३० जूनला सात पुढाऱ्यांनी हॉलंडच्या विल्यमला गुप्त पत्र पाठविले की फौज घेऊन या, लोक तुमच्या बाजूने उभे राहतील. त्या सातांत आपला श्रूजबरी होता. नोव्हेंबरात विल्यम इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि जेम्स फ्रान्सला पळाला.

आम्हांस सर्वांत मोठा वाटतो तो म्हातारा सँक्रॉफ्ट. जेम्सपुढे तो वाकला नाही, तुरुंगात गेला. पण विल्यम राजा झाल्यावर त्याच्या नावाने शपथ घेण्यासही त्याने नकार दिला, कारण जेम्सला दिलेली शपथ मोडता येत नाही. नव्या सरकारने त्याचे पद काढून घेतले. दोन्ही राजांनी त्याला शिक्षा केली, आणि दोन्ही वेळा तो तोच माणूस होता.

१६८९ साली सहिष्णुतेचा कायदा झाला. त्यात बाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांना मोकळीक मिळाली. कॅथलिकांना नाही, यहूद्यांना तर नाहीच. पुढे १८४७ साली लायोनेल रॉथशिल्ड लंडन शहरातून पार्लमेंटवर निवडून आला, तेव्हा शपथेत 'खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेने' असे शब्द होते. ते तो उच्चारीना, म्हणून त्याला बसू देईनात. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि तो अकरा वर्षे दाराबाहेर राहिला. १८५८ साली कायदा बदलला. तेव्हा त्याने डोके झाकून, आपल्या तनाखवर हात ठेवून शपथ घेतली.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. मॅसॅच्युसेट्स वसविणारे प्युरिटन लोक इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या जाचामुळे समुद्र ओलांडून आले होते. आपण समजू की त्यांनी येथे सर्वांना मोकळीक दिली असेल. छे! त्यांनी स्वतःचे सरकारी चर्च उभारले. क्वेकर पंथाच्या चौघांना तर बोस्टनमध्ये फाशी दिले. श्रूजबरीसारखे गाव वसवावयाचे तर आधी सभागृह बांधा आणि पाळक नेमा, अशी रीत होती. त्याच सभागृहात रविवारी उपदेश आणि इतर दिवशी गावसभा. पाळकाचा पगार गावाच्या करातून. म्हणून चर्च मधोमध! या गावच्या उत्तरेकडील लोकांचा आधी वेगळा पॅरिश झाला आणि मग १७८६ मध्ये त्याचेच बॉयलस्टन नावाचे वेगळे गाव झाले.

इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य मिळविल्यावरही ही रीत सुटली नाही. १७८० च्या राज्यघटनेत प्रोटेस्टंट उपदेशकांसाठी कर घेण्याची तरतूद होती, आणि मोठ्या अधिकाऱ्याला ख्रिस्ती धर्मावर विश्वास असल्याचे जाहीर करावे लागे. म्हणजे आपल्यापैकी कोणी येथे असता तर त्याला ते पद मिळाले नसते. ती अट १८२१ मध्ये गेली, कर १८३३ मध्ये. अमेरिकेत हे सर्वांत शेवटी सोडणारे राज्य हेच.

आमच्या पिढीच्या वाचकांना येथे दुसरी आठवण झाली असेल. इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने यहूद्यांचे विवाह आणि घटस्फोट राब्बींच्या न्यायालयाकडे दिले. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य राब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाह चालतो असे ठरविले, पण फेब्रुवारी १९६२ च्या सूचनांत नोंदणी करणाऱ्या राब्बीने आपल्या आईच्या, आजीच्या आणि त्याही मागच्या पिढ्यांची चौकशी करावी असे घातले. कोकणात तेल गाळताना शनिवार पाळणाऱ्या, शेमा न विसरणाऱ्या लोकांनी आता पणजीचा दाखला कोठून आणावा? ज्यांची लग्ने त्या काळी अडली, त्यांनाच ते विचारावे.

१९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. सुट्टीत असलेली क्नेसेत बोलवावी लागली आणि १७ ऑगस्टला तिने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहूदी आहेत, इतरांच्या बरोबरीचे आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस राब्बीमंडळाने सूचनांतून आपले नाव काढले.

हा निर्णय राज्याने धर्मपीठाला करावयास लावला. आम्ही तेव्हा आनंदलो, आणि योग्यच आनंदलो. तरी आमच्या मनात एक बोच राहते. आज सरकारने आपल्या बाजूने हात घातला. जेम्सनेही लंडनच्या यहूद्यांच्या बाजूने घातलाच होता. तल्मूदातील शमुएलने राज्याचा कायदा मानावयास सांगितले खरे, पण तेथे बोलणे व्यवहाराच्या कायद्याचे आहे. विवाह कोणाचा वैध, हे क्नेसेतने सांगावे की राब्बींनी, यावर आमच्या घरातही दोन मते आहेत आणि दोघेही जेवताना गप्प बसत नाहीत.

इंग्लंडमध्ये राजा आजही चर्चचा प्रमुख आहे आणि सव्वीस बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तो शनिवार होता. मुख्य राब्बी एफ्राइम मिर्विस यांना शब्बाथ मोडावा लागू नये म्हणून राजाने त्यांना सपत्नीक आदल्या रात्री राजवाड्यातच ठेवून घेतले. सकाळी ते तेथून चालत वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला गेले. शेवटी इतर धर्मांच्या प्रतिनिधींबरोबर त्यांनी राजाचे अभिनंदन केले, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय. हे सांगितल्यावर नातू म्हणाला, "म्हणजे तेही आपल्यासारखे पायीच गेले?"