शिळा ब्रेड सुकलेला नसतो

बेकरीतला कालचा ब्रेड अर्ध्या किमतीत मिळत असेल तर घ्यावा का? अमेरिकेत नवा संसार मांडणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात, लॅन्सिंगबर्ग भागात, फ्रायहोफर कंपनीने १९१३ मध्ये बेकरी उभारली आणि पुढे कित्येक वर्षं घोडागाड्यांतून दारोदार ब्रेड पोचवला. रोज ताजा माल द्यायचा तर रोज थोडा उरणारच, हे या धंद्याचं गणित. म्हणून अनेक अमेरिकन ब्रेड कंपन्या न खपलेली पाकिटं दुकानांतून परत उचलतात आणि स्वतःच्या वेगळ्या दुकानांत स्वस्तात विकतात. पाकिटाच्या तोंडाला लावलेल्या प्लॅस्टिकच्या चापाचा रंग पुष्कळदा भाजणीचा वार सांगतो. मात्र ती खूण कर्मचाऱ्यांसाठी असते आणि कंपनीगणिक बदलते. असा ब्रेड जरूर घ्यावा, कारण शिळेपणाबद्दलची आपली समजूतच मुळात चुकीची आहे.

ब्रेड पाणी उडून कडक होतो, असं आपण धरून चालतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बुसँगो यांनी १८५२ मध्येच ते खोडून काढलं. हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला ब्रेडही शिळा झाला. उलट शिळा ब्रेड गरम केल्यावर आणखी पाणी उडालं, तरी तो मऊ झाला! शेती आणि नायट्रोजनच्या अभ्यासासाठी बुसँगोंचं नाव घेतलं जातं, पण इतक्या साध्या साधनांनी केलेला हा देखणा प्रयोग फारसा कुणी आठवत नाही. भट्टीत पाणी पिऊन फुगलेले स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा शिस्तीत रांगा लावतात आणि स्फटिक बनतात, म्हणून ब्रेड कडक होतो. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे यातले बरेचसे स्फटिक विरघळतात. कालच्या भाताला फोडणी देताना पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतो, तेव्हा हेच घडतं.

मग शिळा ब्रेड फ्रिजमध्ये ठेवावा का? मुळीच नाही. गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानात हे स्फटिक सर्वांत वेगाने बनतात. फ्रीझरमध्ये मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. बुरशीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. पण बुरशी आणि शिळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशी दिसली तर ती खरवडत न बसता सगळा ब्रेड टाकावा, आणि क्रीम भरलेले पदार्थ स्वस्त मिळाले तरी टाळावेत. बोटाने दाबून ताजेपणा जोखणंही फसवं आहे, कारण एन्झाइम आणि इमल्सिफायर घातलेला पाकीटबंद ब्रेड अनेक दिवस मऊच राहतो. गरम केलेला ब्रेड निवल्यावर पुन्हा लवकर कडक होतो, हे मात्र खरं. तेव्हा कालचा ब्रेड घरी आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकावा आणि लागतील तेवढ्याच स्लाइस काढून भाजाव्यात.