यमुनेची साक्ष

बुराडी घाटाचे नाव मराठी मनाला परके नाही. 10 जानेवारी 1760 रोजी तेथे यमुनेच्या पात्रात दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले आणि ही उत्तरेकडची नदी आपल्या इतिहासाच्या दफ्तरात कायमची दाखल झाली. त्या घाटाच्या खालच्या अंगास, थोड्याच अंतरावर, आज वजिराबादचा बंधारा उभा आहे. तेथून ओखल्यापर्यंतचा 22 किलोमीटरांचा टप्पा म्हणजे यमुनेच्या 1,376 किलोमीटर लांबीचा दोन टक्क्यांहूनही अल्प असा तुकडा, परंतु नदीला सोसाव्या लागणाऱ्या मलिनतेचा फार मोठा हिस्सा एवढ्याच हद्दीत तिच्या पदरी पडतो.

ही मलिनता ठरवावयाची कशी? पाणी स्वच्छ आहे काय, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे; कशासाठी स्वच्छ, हे आधी विचारले पाहिजे. 1974 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने म्हणूनच पाण्याचे पाच वर्ग उपयोगानुसार पाडले आहेत. त्यांत स्नानाच्या पाण्यात लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा, अशी अपेक्षा आहे.

प्राणवायू हा या तपासातील अव्वल साक्षीदार होय, आणि त्याची जबानी घेण्याची रीत विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाने 1888 मध्ये घालून दिली. हवेचा एकही बुडबुडा आत राहणार नाही अशा बेताने बाटली काठोकाठ भरून घ्यावयाची, आणि काठावरच तीत मँगनीज सल्फेट व आयोडाइडयुक्त अल्कली घालावयाची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल घालून तो साका विरघळविला, की मोकळे झालेले आयोडिन स्टार्चशी संयोग पावून निळा रंग देते, आणि तो रंग नाहीसा होईपर्यंत थेंबाथेंबाने सोडलेल्या थायोसल्फेटच्या मोजमापावरून प्राणवायूचा हिशेब निघतो. दिल्लीत नजफगढचा नाला, जो मुळात साहिबी नदीचाच प्रवाह, यमुनेस मिळाल्यानंतर कोरड्या महिन्यांत हा हिशेब कित्येकदा शून्यावर येतो. ज्या बाटलीत साका पांढराच राहतो, त्या पाण्यात मासा जगावा कसा, या विचाराने मन विषण्ण होते.

दुसरी कसोटी बीओडीची. पाण्यातील सेंद्रिय घाण पचविताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू खातात, हे ती सांगते. इंग्लंडमध्ये यासाठी नमुना पाच दिवस ठेवण्याचा प्रघात पडला आणि पुढे त्यास 20 अंश सेल्सियस तापमानाची जोड मिळाली. आपल्या उष्ण देशात तो 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात. आपल्या हवापाण्यास अनुसरून केलेला हा फेरफार मला फार समंजसपणाचा वाटतो.

मात्र एका बाटलीवरून नदीचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. पल्ला गावापाशी, दिल्लीच्या उंबरठ्यावर, जी यमुना बऱ्यापैकी जिवंत असते, तीच ओखल्यास काळवंडून फेसाळते. हथनीकुंडाच्या बंधाऱ्यावर उन्हाळ्यात तिचे बहुतेक पाणी कालव्यांत वळविले जाते आणि पुढे सांडपाणीच प्रवाहाची जागा घेते. उलट पावसाळ्यात पूर आला की आकडे सुधारतात, पण ते विरळपणाने, शुद्धीने नव्हे. शिवाय शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तो ओसरलेला असतो. म्हणून नोंदवहीत स्थळ, वेळ, तापमान आणि प्रवाह यांवाचून आकडा लिहू नये.

तळाचे किडेही साक्ष देतात. स्वच्छ, खळाळत्या पाण्यात दगडांखाली दगडमाशीची पिल्ले आढळतात. प्राणवायू आटला की ती नाहीशी होतात आणि गाळात तांबड्या अळ्यांचे राज्य येते. त्यांचा तांबडेपणा हिमोग्लोबिनचा असतो, अत्यल्प प्राणवायूही धरून ठेवण्यासाठी. बाटलीतले पाणी त्या घटकेपुरते बोलते. या अळ्या मागील कित्येक आठवड्यांचा जमाखर्च सांगतात.

पुढे इटाव्याच्या पलीकडे, महूजवळच्या जानापाव डोंगरातून निघालेली चंबळ यमुनेस येऊन मिळते. जिच्या पाण्यात अजून घडियाल वावरतात, त्या चंबळेच्या पाण्याने यमुनेचे आकडे सुधारतात. पण नोंद करणाऱ्याने त्यापुढे चंबळेचे नाव लिहावयाचे असते.