अर्ध्या वितीचं कपाळ

पोळीचा घास चावताना कानशिलावर दोन बोटं टेकवून पाहा. कातडीखाली काहीतरी फुगतं, पुन्हा बसतं. तो जबडा ओढणारा स्नायू. गालाच्या हाडाआडून खाली उतरायला त्याला जी वाट मिळते, ती फार जुनी आहे. डोळ्यामागे प्रत्येक बाजूला असं एकच भोक असणं ही सस्तन प्राण्यांच्या घराण्याची खूण. डायनोसॉरच्या कवटीत ही भोकं प्रत्येक बाजूला दोन. मॉस्कॉप्स या लुप्त प्राण्याला एकच होतं. म्हणजे दिसायला कितीही सरड्यासारखा असला, तरी तो डायनोसॉरपेक्षा आपल्याला जवळचा. खापरपणजोबा नव्हे, पण भावकीतला.

दक्षिण आफ्रिकेतला कारूचा प्रदेश आज रखरखीत आहे. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी तिथे नद्यांची मैदानं होती आणि त्यांत हा प्राणी पाला ओरबाडत हिंडे. पहिला डायनोसॉर यायला तीनेक कोटी वर्षं बाकी होती. लांबी अडीच मीटरच्या आसपास, धड पिंपासारखं, शेपूट आखूड. पुढचे पाय कोपरातून बाहेर फाकलेले, मागचे त्यामानाने अंगाखाली. रॉबर्ट ब्रूम या स्कॉटिश डॉक्टरने १९११ मध्ये त्याचं ग्रीक नाव ठेवलं, अर्थ ‘वासरतोंड्या’. त्या दगडी थोबाडात ब्रूमला वासरू कुठे दिसलं कोण जाणे!

खरी गंमत कपाळात. तिथलं हाड दहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत जाड. झाडपाला खायला एवढं हाड कशाला लागतं? एडक्यांच्या टकरी ज्यांनी पाहिल्यात त्यांना उत्तर चटकन सुचेल. मॉस्कॉप्सने मान खाली घातली, की कपाळावरचा दणका कवटीतून सरळ मणक्यांकडे जाई. २०१७ मध्ये संशोधकांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतितीव्र क्ष-किरणांखाली, एक कवटी न फोडता आतून पाहिली. चिमुकला मेंदू जाड हाडांच्या वेढ्यात सुरक्षित होता. माद्यांसाठी की हद्दीसाठी, ते हाडं सांगत नाहीत. भावकीत भांडणं मात्र होती.

अँटिओसॉरससारखे मांसाहारीही मॉस्कॉप्सच्याच कुळातले. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच शाकाहारी, मांसाहारी सगळं कूळ संपलं.

ब्रूमने जमवलेल्या हाडांवरून उभा केलेला मॉस्कॉप्सचा सांगाडा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. तिकडे गेलात तर कपाळ सगळेच बघतात. तुम्ही आधी डोळ्यामागचं भोक बघा.